शाळेच्या घंटेआधीची भाकर

आमच्या वऱ्हाडात ‘नाश्ता’ हा शब्द तसा अलीकडचा. जुना शब्द न्याहारी. आणि न्याहारी हीसुद्धा लेकरांची नव्हे, कास्तकाराची. पहाटे औत घेऊन निघालेला माणूस दिवस कासराभर वर आला की बैल सोडायचा, बांधावरच्या बाभळीखाली बसायचा आणि घरून आलेलं फडकं उघडायचा. त्यात दोन भाकरी, ठेचा नाहीतर जवसाची चटणी, सोबत ताक. दिवसाचं पहिलं खाणं असं कामाला जोडलेलं होतं. लेकरांसाठी कोणी वेगळं काही मांडत नसे. लेकरू उठलं, तोंड धुतलं, की आपलं आपण दुरडीकडे जायचं.

आज घरोघर एकच तक्रार ऐकू येते. लेकरू काही खात नाही, तेवढ्यात शाळेची गाडी येते, आणि घोटभर चहा नाहीतर दोन बिस्कुटं यावर ते दुपारपर्यंत बसतं. मग आपण सगळा दोष त्या घरच्या बाईवर टाकून मोकळे होतो. हिला पहाटे उठायला नको, हिला रांधायला नको. मला हे कधी पटलं नाही. मी दर्यापूर तालुक्यात वाढलो आणि नोकरीची तीस वर्षं अकोला जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांवर काढली. लेकरांच्या सकाळच्या खाण्याचा हा प्रश्न चुलीजवळ सुरू झालेला नाही. तो वावरात, बाजारात आणि घड्याळात तयार झाला, आणि चुलीजवळ येऊन पोचला. कसा, ते सांगतो.

आधी दुरडीत काय असायचं ते पाहू. रात्री माय दोन-तीन भाकरी मुद्दाम जास्तीच्या थापायची. सकाळी त्या शिळ्या भाकरीला तेल-तिखट लावून, नाहीतर कुस्करून, कांदा घालून फोडणी द्यायची. घरात म्हैस वेत असली तर दूध-भाकर. कधी ज्वारीच्या कण्या आणि ताक. कधी कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद नाहीतर मूग मिसळून दळलेली. उन्हाळ्यात आंबील. ही आंबील इतकी मानाची की महालक्ष्म्यांच्या जेवणातही ती लागतेच. हिवाळ्यात हुरडा, तुरीचे सोले, हरभऱ्याच्या घुगऱ्या. पाहुणा आला तर उकडपेंडी. आणि काहीच नसलं तर मूठभर शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा चड्डीच्या खिशात. माय म्हणायची, “खाऊन जाय बाबू, उपाशा पोटी अक्षर नाही चढत डोक्शात.”

पुढं आहारशास्त्राची पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं की या गरिबाच्या ताटात मोठा हिशेब होता. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. उडीद, मूग, हरभरा यांत तो भरपूर. म्हणजे कळण्याच्या भाकरीत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २४-२५ ग्रॅम प्रथिनं आणि पोट धरून ठेवणारं तेल. ज्वारीत चोथा जास्त, म्हणून ती हळूहळू पचते आणि दुपारपर्यंत भूक थोपवते. मैद्याचं बिस्कुट तासाभरात विरतं, भाकर विरत नाही, हे आमच्या आबाजीला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

सगळं सोन्याचं होतं असं मात्र कोणी समजू नये. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला. विहिरीचं पाणी खारं, ओलिताची सोय नाही, म्हणून वर्षातले कित्येक महिने हिरवी भाजी दृष्टीस पडत नसे. खाऱ्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून आमच्याकडे बेसनाला जास्त मान, असं माय सांगायची. रोजमजुरी करणाऱ्याच्या घरी तर दुरडी बरेचदा रिकामीच असायची. तेव्हा जुन्या काळी सगळी लेकरं पोटभर खात होती, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात ज्वारी होती, त्या घरातल्या लेकराची सकाळ आदल्या रात्रीच तयार झालेली असे. त्यासाठी कोणाला पहाटे चारला उठावं लागत नसे.

ही ज्वारी घरातून जायला लागली त्याची सुरुवात फार मागची आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली. अकोला, अमरावती, खामगाव ही कापसाची नावाजलेली पेठ झाली. १८७० साली तर खामगावला खास रेल्वेची शाखा काढली. कापसानं हातात रोख पैसा दिला, वाडे उभे केले. पण जिथं ज्वारी होती तिथं कपाशी गेली, आणि खायचं धान्य विकत घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांत त्याची किंमत कळली. बाजारात धान्य होतं, पण मजुराच्या खिशाला परवडत नव्हतं. गाठोडं कापसाचं असलं तरी लेकराला सकाळी कापूस चारता येत नाही.

तरीही ज्वारी टिकून राहिली, कारण बैलाला कडबा लागत होता आणि सालदाराच्या ठरावात पैशांसोबत ज्वारीच्या पायल्या असायच्या. तिला दुसरा धक्का बसला तो संकरित वाणांनी. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. आमच्याकडे त्याला सरसकट ‘हायब्रीड’ म्हणत. पीक दणदणीत आलं, आणि तेव्हा देशाला धान्याची नड होती, हे नाकारून चालणार नाही. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, नवं बियाणं, नवं खत गावोगाव पोचलं. पण बायांची एक तक्रार होती, ती कोणत्या अहवालात आली असेल असं वाटत नाही. हायब्रीडची भाकर गरम तोवर ठीक, रात्र उलटली की तिचा पापड होतो. म्हणजे नेमकी लेकरांची सकाळची भाकरच गेली! दुसरी गोष्ट, हे वाण बुटकं. धांडा लहान, कडबा कमी. कडबा कमी म्हणजे दावणीला जनावरं कमी, आणि जनावरं कमी म्हणजे घरातलं दूध-ताक कमी. कणसात दाणे वाढले आणि लेकराच्या वाटीतलं ताक आटलं. हा संबंध त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकर आम्ही खाल्ली आहे. ती थापताना तडकायची आणि घशाखाली उतरायला पाणी मागायची. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. माय खडी फोडायला जायची आणि आपल्या वाट्याची सुकडी पदराला बांधून आणायची. आम्ही भावंडं ती सकाळी शाळेत जाताना बोकाणा भरून खायचो. सरकारचं खाणं घरच्या सकाळीत शिरलं ते आमच्या घरी तेव्हा पहिल्यांदा. चव अजून जिभेवर आहे, पण त्या सुकडीवर खरा हक्क मायच्या रिकाम्या पोटाचा होता, हेही विसरलो नाही.

आता घड्याळाकडे येऊ. आमच्या काळी खेड्यातली शाळा अकराला भरायची आणि पाचला सुटायची. त्याचा फायदा आज कळतो. लेकरू सकाळी दुरडीतलं खायचं, दहा वाजता ताजी भाजी-भाकर जेवायचं आणि मग शाळेत जायचं. नाश्त्याचा प्रश्न उद्भवायला जागाच नव्हती. सकाळची शाळा फक्त शनिवारी आणि उन्हाळ्यात. अकोल्याला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथं दुपारी लेकरं कोंडून ठेवता येत नाहीत. म्हणून तर विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि कास्तकाराच्या पोरांना हायस्कूल-कॉलेजची वाट मोकळी झाली. पोरं शहरात खोली करून राहू लागली. त्यांचा डबा गावाहून एसटीनं यायचा. कंडक्टरच्या सीटजवळ डब्यांची रांग, प्रत्येकावर खडूनं नाव. पण तो डबा पोचायचा दुपारी. सकाळी ही पोरं चहाच्या टपरीवर जात. चहा आणि टोस्ट ही शिकलेल्या माणसाची सकाळ झाली, आणि शिकून गावात परतलेल्यानं ती आपल्या घरी आणली. घरातल्या धाकट्यांना वाटू लागलं, भाकर खाणारा तो अडाणी आणि चहात बिस्कुट बुडवणारा तो साहेब. तीस वर्षं वर्गात मी पाहिलं, डब्यात भाकर असलेलं लेकरू झाकण अर्धंच उघडायचं. भाकरीची लाज वाटायला लागली, तेव्हा अर्धी लढाई आपण हरलो होतो.

पुढं गावात इंग्रजी शाळांच्या गाड्या आल्या. सात-साडेसातला गाडी चौकात उभी. लेकरू सहाला उठतं, पण त्याचं पोट काही तेव्हा उठत नाही. आणि त्याच वेळेला गावातून दुसरी गाडी निघते, मजूर बायांची. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाया सात-साडेसातला ऑटोत दाटीवाटीनं बसतात. आता सांगा, ज्या बाईची मजुरीची गाडी आणि लेकराची शाळेची गाडी एकाच वेळी सुटते, तिनं पोहे कधी करावे आणि लेकराला समजावून खाऊ कधी घालावं?

याच सुमारास वावरही पालटलं. १९९० नंतर सोयाबीन वाढत गेलं. साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारं पीक, कास्तकार का घेणार नाही? शिवाय ज्वारी पेरली तर रोही आणि रानडुकरं ठेवत नाहीत, पाखरं वेगळीच. पण सोयाबीन खळ्यावरून सरळ बाजारात जातं, घरात दाणा राहत नाही. कोठीत ज्वारीच्या जागी रेशनचे गहू-तांदूळ आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, २०२३ पासून ते मोफत झालं. त्यानं कित्येक घरांची उपासमार टळली. पण ताटातलं जवस, उडीद, ताक, कळणा हे रेशनच्या दुकानात मिळत नाही.

जे घरातून गेलं ते शाळेत आणायचा प्रयत्न सरकारनं केला. १५ ऑगस्ट १९९५ ला देशभरच्या प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना निघाली. सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळायचा, अट ८० टक्के हजेरीची. तांदळाच्या दिवशी वर्ग गच्च भरायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शिजवलेलं अन्न द्या, आणि मग शाळेशाळेत खिचडीचं गंज चुलीवर चढलं. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं माप. खिचडीला नावं ठेवणारे खूप भेटले. मी त्यांना एवढंच सांगायचो, की दुपारची सुट्टी जवळ आली की वर्गातली काही लेकरं दाराकडे कशी पाहतात, ते एकदा येऊन बघा.

पण खिचडी दुपारची. तिच्या आधीचे तीन-चार तास उरतातच, आणि गणित-भाषा बहुतेक त्याच तासांत असते. पावसाळ्यात निंदणाचा हंगाम सुरू झाला की प्रार्थनेच्या रांगेत एखादं लेकरू घामाघूम होऊन मटकन खाली बसायचं. विचारलं, “काय खाल्लं बे सकाळी?” की उत्तर ठरलेलं, “चहा घेतला न गुरजी.” रात्री आठला जेवलेलं ते लेकरू दुपारी बाराला खिचडी खाणार, म्हणजे सोळा तास. आमच्या शाळेत मग एका बरणीत फुटाणे आणि गूळ ठेवायला लागलो. कोणाला न विचारता, कोणाचं नाव न घेता, मूठभर हातावर ठेवायचं. पाच-दहा मिनिटांत डोळे उजळायचे.

हा काही माझ्या एकट्याचा भास नव्हे. जमैका देशाच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत वर्षभर सकाळचं खाणं देऊन संशोधकांनी तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. लेकरांची हजेरी सुधारली, आणि लहान वर्गांतल्यांचं गणितही सुधारलं. आपल्याकडे तमिळनाडूनं १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला. पहिल्या टप्प्यात १५४५ शाळा होत्या, पुढच्या वर्षी तो राज्यभर नेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सकाळच्या पौष्टिक खाण्याची शिफारस आहे. गरम अन्न देता येत नसेल तिथं काय द्यावं? धोरण सांगतं, शेंगदाणे किंवा हरभरे, गूळ आणि गावात मिळणारं फळ. वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आमच्या चड्डीच्या खिशातलं खाणं फिरत फिरत दिल्लीच्या कागदावर पोचलं होतं!

महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक पाऊल उचललं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. लेकरांची झोप होत नाही हे त्याचं मुख्य कारण, पण पोटालाही त्यानं दोन घास घ्यायला वेळ दिला. काही शाळांनी गाड्यांच्या फेऱ्यांची अडचण सांगितली. पाचवीच्या वरच्या लेकरांचा प्रश्न तर तसाच आहे. म्हणून सगळं सरकारवर सोडून भागत नाही.

घरी काय करता येईल? मला जुन्या दुरडीतली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे सकाळची तयारी रात्री. हरभरे रात्री भिजत घातले तर सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईतो लेकराची आंघोळ होते. कण्याही रात्री भिजवल्या की लवकर शिजतात. उकडपेंडीसाठी गव्हाचं नाहीतर ज्वारीचं जाडं पीठ रविवारी एकदाच भाजून डब्यात भरावं, मग सकाळी कांद्याची फोडणी, ताक आणि वाफ, दहा मिनिटांत मोकळं. दळण नेताना ज्वारीत मूठ-दोन मुठी उडीद टाकायला वेगळा वेळ लागत नाही. त्या पिठाची धिरडी पाचवीतलं पोरगंही शिकतं. शेंगदाणे, तीळ आणि गुळाचे लाडू पंधरा दिवस टिकतात. ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे उकडलेलं अंडं आहेच. चहा मात्र खाण्यासोबत देऊ नये, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि सकाळी सहाला भूक नाही म्हणणाऱ्या लेकराच्या डब्यात पहिल्या सुट्टीसाठी हेच बांधून द्यावं.

राहिला प्रश्न, हे करणार कोण. जुन्या दुरडीमागं एकटी माय नव्हती. जात्यावर आजी असायची, शेंगा फोडायला आबाजी, ताक घुसळायला मोठी बहीण. घरं लहान झाली आणि हे सगळे हात एका बाईच्या खांद्याला येऊन चिकटले. तिची मजुरीची गाडी सातला सुटते. तेव्हा रात्री टीव्हीसमोर बसलेल्या घरच्या कर्त्या पुरुषानं मांडीवर सूप घेऊन अर्धा किलो शेंगा फोडल्या आणि उठताना हरभरे भिजत टाकले, तर त्याचं काही बिघडत नाही. आमच्या गावात दोन-तीन तरुण बाप हे करतात. परवा त्यातल्या एकानं रस्त्यात थांबवून विचारलं, “गुरजी, घुगऱ्यात मीठ आधी टाकू का मंग?”

मी म्हटलं, “मंग टाक, आधी टाकलं तर दाणा लवकर शिजत नाही.”